मागचा उजवा शॉक

४ मार्च, मंगळवार

धाकट्या,

ट्रक उलटतो. पुढची दोन्ही चाकं दगडावर चढतात, मागचं उजवं चाक हवेत उठतं आणि मग तो सावकाश, विचार करून पडावं तसा पाठीवर पडतो. पडल्यावरही चाकं फिरत राहतात.

ट्रक म्हणजे खेळण्यातला. वीतभर लांब, बॅटरीवर चालणारा, रिमोटने हाकायचा. हा पळत नाही. मुंगीच्या चालीने दगडधोंड्यांवर चढायचं, एवढंच त्याचं काम. युनियनच्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांनी मला दिला. सभेत लाउडस्पीकर सांभाळायचा तो भोंगेवाला आठवत असेल. त्याने खोकं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "अध्यक्ष, आता हुकूम सोडायला घसा लागणार नाही." सगळे हसले. मग हसणं कुठे थांबवायचं ते कुणालाच कळेना. तुझी वहिनी चहा घेऊन आली म्हणून सुटले बिचारे.

तुझ्या बायकोकडून तुला कळलं असेलच. आपलं बोलणं बंद झालं तरी जावाजावांचं कधी बंद झालं नाही. घशात गाठ आहे. २६ तारखेला माझं स्वरयंत्र काढणार आहेत, सगळंच्या सगळं. त्यानंतर मानेला भोक असेल आणि त्यातून श्वास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढे यंत्र लावून बोलता येईल. मात्र तो आवाज तुमचा नसेल." मी विचारलं, मग कुणाचा असेल? त्या हसल्या नाहीत. चांगल्या डॉक्टर दिसतात.

मला काही वाटत नाही. वाटायला हवं, एवढं कळतं. पावसात भिजून आलेल्या बुटात पाय घातल्यावर बोटं असतात आणि नसतात, तसं आहे.

पण यासाठी लिहीत नाहीये. तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. लिहायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं, त्यामुळे मी माझ्या जागेवर आहे. मला एक तांत्रिक प्रश्न आहे आणि मला माहीत असलेला फिटर एकच आहे.

ट्रकला कंपनीने लावलेले धक्के झेलायचे शॉक नुसतेच प्लास्टिकचे आहेत, आत तेल नाही. बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानातून ॲल्युमिनियमचे चार आणले, बोटाच्या दोन पेरांएवढे. यात तेल भरायचं असतं आणि वरून स्प्रिंग चढवायची असते. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, स्प्रिंग नरम देऊ की कडक? तेल पातळ की दाट?" पाच हजार माणसांना मी कधी "सांगतो थांबा" असं म्हटलं नाही. तिला म्हटलं.

मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. ट्रकचं वजन साखरेच्या एका पुड्याएवढं. कारखाना सुटल्यापासून तू बसच्या कार्यशाळेत कमानपाटेच बदलतो आहेस, तेव्हा हे तुला डाव्या हाताचं असेल.

त्याला चढायचं आहे कारखान्याच्या फाटकापाशी. बाटल्यांचा कारखाना आता नुसता नावाला उरला आहे. कुंपणाची भिंत पडली, तिचा ढीग फाटकाला टेकला आहे, आणि ढिगाच्या वरच्या टोकाला तो सिमेंटचा चौथरा अजून तसाच आहे. माझा, भाषणांचा चौथरा. तिथपर्यंत ट्रक न्यायचा आहे. २६ च्या आत.

का, ते विचारू नकोस. मलाही नीट माहीत नाही.

दादा


९ मार्च, रविवार

धाकट्या,

पार्सल काल आलं. चार स्प्रिंगा, काळ्या तेलाची बाटली आणि सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर तुझं अक्षर: "हे घाल. कडक आहे. बसणार नाही."

इतक्या वर्षांनी सात शब्दही नाहीत. मी असतो तर निदान प्रस्तावना केली असती. सिगारेट मात्र सोड. मी सांगतोय म्हणजे कुणी सांगतंय ते बघ.

स्प्रिंगा तू स्वतः वळल्या आहेस हे लगेच कळलं. तारेचं टोक आत वळवायची तुझी सवय. लहानपणी आईच्या मच्छरदाणीच्या तारेचे आकडे वळवायचास तेव्हाही टोक आत, कुणाला लागू नये म्हणून. तुझ्या वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजींचा हात आहे तो. तुमचा असता तर टोक समोरच्याच्या डोळ्यात गेलं असतं."

तिच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसलो. जुने शॉक काढले. वर एक स्क्रू, खाली एक, आणि प्रत्येक स्क्रू ओट्याखाली जाण्याच्या तयारीचा. ती चिमटा घेऊन खाली वाकलेली. "अहो, तुमच्या क्रांतीचे भाग गोळा करतेय, जरा पाय उचला." तेल भरलं. तुझं तेल इतकं दाट की थेंब पडायच्या आधी विचार करतं. स्प्रिंग चढवायला दोन्ही अंगठ्यांचा जोर लागला. ट्रक ओट्यावर उभा केला तर पाटासारखा ताठ. वरून दाबला तरी हलत नाही.

मला बरं वाटलं. म्हणजे, वाटल्यासारखं झालं. असाच उभा राहायला हवा, असं मनात आलं.

शुक्रवारी रुग्णालयात गेलो होतो. नाकातून नळी घालायच्या आधी घशात औषधाचा फवारा मारतात. जीभ परक्याची होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थोडा वेळ काही जाणवणार नाही." मी खुणेने सांगितलं, ते तसंही चालूच आहे. त्यांना खूण कळली नाही. खुणांचा सराव करायला हवा.

एक गोष्ट स्पष्ट असू दे. तुझ्या स्प्रिंगा घेतल्या म्हणून माझं मत बदललेलं नाही. आम्ही संपावर होतो आणि तुम्ही सहा जण मागच्या दाराने आत गेलात, ते चूक होतं. भट्टी थंड पडली तर तडकेल आणि कारखाना कायमचा जाईल, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही समजलं होतं. अरे, भट्टी थंड पडण्याची भीती हेच तर आमचं हत्यार होतं! तुम्ही ती पेटती ठेवलीत आणि आमच्या हातातलं हत्यार काढून घेतलंत. संप मोडला. पुढे कारखाना बंद व्हायचा तो झालाच. भट्टी तडकली नाही, आम्ही तडकलो.

आई गेली तेव्हा आपण एकाच बाकावर बसलो होतो, मध्ये पिशवी ठेवून. पिशवी तुझी होती की माझी, आठवत नाही.

मंगळवारी फाटकावर जाऊन चाचणी.

दादा


११ मार्च, मंगळवार

धाकट्या,

तू चुकलास.

हे वाक्य तुला लिहायला मिळावं म्हणून मी सकाळपासून वाट बघत होतो, आणि लिहिलं तर त्यात फारसं काही नाही. तरी नोंद असावी.

ट्रक आधीपेक्षा लवकर पडला. तुझ्या कडक स्प्रिंगांवर तो दगडापाशी गेला, पुढचं डावं चाक वर चढलं आणि त्याच्याबरोबर अख्खा ट्रकच तिरपा झाला, टेबलाचा एक पाय उचलावा तसा. दोन चाकं हवेत, दोन जमिनीवर, मग कोलांटी. पुन्हा उभा केला. पुन्हा तेच. रखवालदार स्टूल घेऊन आला आणि तमाशाला बसावं तसा बसला. म्हणाला, "साहेब, तुम्ही भाषणंच करा. ती बरी होती."

तिथून सरळ दुकानात गेलो. मुलीने ट्रक हातात घेतला, वरून दाबला, तो दबेना. मग बोटाने एक चाक वर ढकललं, तर बाकीची तीन त्याच्याबरोबर उठली.

"काका, या कुणी बसवल्या?"

"माझ्या भावाने वळल्या. तो बसचा फिटर आहे."

"मग बरोबर आहे." ती हसायला लागली. "त्यांनी पन्नास माणसं बसणार असं धरून केलंय. हा ट्रक ओझं वाहत नाही, चढतो. यावर कोण बसणार आहे?"

तिने दुकानातला तिचा स्वतःचा ट्रक काढून काउंटरवर ठेवला. उभा होता तोच अर्धा बसलेला, म्हाताऱ्या माणसाने खुर्चीत बसावं तसा. एका चाकाखाली डबी सरकवली, तर ते एकटंच वर गेलं. उरलेली तीन जमिनीवर, वरची बॉडी जेमतेम कलली. मग ट्रक काउंटरच्या कडेला नेला. एक चाक कडेबाहेर गेलं तसं ते खाली लोंबलं, जमीन शोधत असल्यासारखं. ती म्हणाली, "वर जाण्याएवढंच खाली लोंबताही आलं पाहिजे. नरम स्प्रिंग, पातळ तेल."

तिच्याकडच्या तयार नरम स्प्रिंगा मी घेतल्या नाहीत. का घेतल्या नाहीत ते तुझं तू ठरव.

नरम हा शब्द मी आयुष्यभर शिवीसारखा वापरला आहे. नरम नेते, नरम ठराव, नरम कणा. आता या वयात एका पोरीच्या दुकानात उभं राहून म्हणतोय, बाई, नरमच बरं. यावर अर्ध्या तासाचं भाषण सहज होईल. करत नाही.

बारीक तार घे. वेटोळी कमी. तेल ते काळं नको, शिवणयंत्राला घालतात तसं पातळ काहीतरी बघ.

दादा


१७ मार्च, सोमवार

धाकट्या,

पार्सल मिळालं. पुठ्ठ्यावर एकच शब्द: "मान्य."

तुझ्या वहिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचला. आपल्या घरात हा शब्द कुणी लिहून दिल्याचं तिला आठवत नाही, मलाही नाही. मी मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या साहेबांशी वाटाघाटी केल्या, पहाटेपर्यंत बसलो, आणि त्या शब्दासाठी त्यांच्याकडून काय काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत. तू पुठ्ठ्यावर लिहून पाठवून दिलास.

पुठ्ठा फ्रिजवर लावला आहे.

आज दिवसभर शॉक भरत होतो. हे काम कसं करायचं ते मुलीने कागदावर काढून दिलं होतं. शॉक उभा धरायचा, काठोकाठ तेल भरायचं, मग दांडा हळूहळू खालीवर करायचा. आत अडकलेली हवा बुडबुडा होऊन वर येते. घाई केली की बुडबुडा फुटून त्याचे दहा होतात आणि तेलात पसरतात, मग शॉक कुठे मऊ, कुठे कडक, असा बावळटासारखा वागतो. म्हणून दांडा थोडा हलवायचा आणि थांबायचं. चार शॉक पुस्तकांच्या कपाटात रांगेत उभे करून ठेवले. माझ्या सगळ्या मोठ्या ग्रंथांसमोर चार लहान नळकांडी, आणि मी खुर्ची ओढून बुडबुड्यांची वाट बघत बसलेलो.

इतकं गप्प मी याआधी कधी बसलो होतो, आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी आवाज जपायला सांगितलं आहे. कशासाठी जपायचा, हे विचारायचं राहून गेलं. माणसं भेटायला येतात आणि मी खरखरत दोन शब्द बोललो की डोळे पुसतात. मला त्यांचीच समजूत काढावी लागते. भोंगेवाला म्हणाला, टेपवर आवाज भरून ठेवू. मी म्हटलं, काय बोलू? तो म्हणाला, काहीही. काहीही बोलायची सवयच नाही रे मला. नेहमी काहीतरी मागण्या असायच्या.

दुपारी रुग्णालयातून फोन आला होता. तारखेचं काहीतरी होतं. तुझी वहिनी बोलली त्यांच्याशी.

तीन शॉक ठीक भरले. मागच्या उजव्यात अजून हवा आहे. दांडा अर्ध्यावर जाऊन दचकतो.

बाकी काही नवीन नाही.

दादा


२८ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

वॉर्डात लिहितोय. नाकात नळी आहे, मानेला भोक आहे, आणि पलंगाच्या दांड्याला बांधलेली वही आहे. शेजारचे आजोबा मला बहिराही समजतात आणि खुणा करून बोलतात. मी वहीत लिहिलं, "मला ऐकू येतं." त्यांनी ते वाचलं आणि ओरडून म्हणाले, "हो का!"

तारीख २६ ची २१ केली होती. मी तुला कळवलं नव्हतं. तुझ्या वहिनीने माझ्या पाठीमागे कळवलं. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या पत्रात तेल असतं, स्प्रिंग असते, तारीख नसते. मग मी काय करू?"

गुरुवारी, २० तारखेला जे झालं त्याला तू हजर होतास. तरीही मी वृत्तांत लिहितोय, कारण तू घरी जाऊन ते तुझ्या पद्धतीने सांगितलं असशील. म्हणजे "गेलो, भेटलो, आलो." अशा गोष्टीचं नीट इतिवृत्त असावं लागतं.

स्थळ, कारखान्याचं फाटक. वेळ, उन्हं उतरल्यावर. उपस्थिती: मी, तुझी वहिनी, स्टुलावर रखवालदार, त्याचं कुत्रं. अध्यक्षस्थानी कुणी नाही.

तू रस्त्याच्या पलीकडे उभा होतास. मी तुला आधी ओळखलं नाही. माझ्या डोक्यात तू अजून मागच्या दाराने आत जाणारा, पाठमोरा आणि काळ्या केसांचा होतास. तू आलास, माझ्याकडे पाहिलं नाहीस, वाकून ट्रक उचललास, दाबलास, कानाशी नेऊन हलवलास.

"मागच्या उजव्यात हवा आहे."

"माहितीये."

आपलं पहिलं संभाषण एवढंच. तू खिशातून पाना काढलास. घरून निघतानाच घेतलेला, हे मी पाहिलं. भिंतीच्या तुकड्यावर बसून शॉक उघडलास, तेलाचे थेंब टाकलेस, दांडा हलवत बसलास. तुझी बोटं आता जाड झाली आहेत. तुझी वहिनी थर्मासमधून चहा ओतत म्हणाली, "भाऊजी, दोन तासांच्या प्रवासाने आलात, आधी बसा तरी." तू म्हणालास, "वहिनी, बसलोच आहे."

मग ट्रक सोडला. रिमोट मी तुला दिला, तू परत मला दिलास. तो दगडापाशी गेला. पुढचं डावं चाक वर गेलं, एकटंच. मागचं उजवं खाली लोंबलं, खाचेत गेलं, तळ सापडला, धरला. बॉडी जराशी कलली. तो वर जात राहिला, विटांवरून, सळईच्या कडेने. तू मागे मागे चालत होतास, पडला तर झेलायला हात पुढे करून, आणि तुझं तुला ते कळत नव्हतं. रखवालदार स्टुलावरून उठला. ट्रक चौथऱ्यावर चढला आणि मधोमध उभा राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुत्र्याने जाऊन वास घेतला.

तेव्हा तू बोललास. पाठ माझ्याकडे, बोलणं चौथऱ्याशी. "आत ऐकू यायचं."

"काय?"

"तुझं भाषण. तू सुरू झालास की आम्ही कॉम्प्रेसर बंद करायचो. त्याच्या आवाजात काही कळायचं नाही ना. साहेब ओरडायचा, कुणी बंद केला म्हणून. आम्ही म्हणायचो, गरम झालाय."

मी म्हणालो, "आम्ही तुम्हाला शिव्या देत होतो."

"हो. पण नीट देत होतास."

मग तू वळून म्हणालास, "ट्रक चढला. आता तू चढ."

तुझी वहिनी नको म्हणाली, मी पण नको म्हणालो. तू दगडासारखा उभा. शेवटी चढलो. तू हात दिलास, मी तो धरला, त्याबद्दल दोन्ही बाजूंनी काही बोलणं झालं नाही. ट्रक माझ्या पायाशी होता.

सुरुवात आठवायला लागली नाही. जिभेला माहीत होती. "भट्टी त्यांची आहे, पण आच आपली आहे!" आवाज पत्र्यावर खडे ओढावे तसा होता, चार हातांच्या पलीकडे जात नव्हता. तरी बोललो. पगार, पाळ्या, भाजलेले हात, काचेचा भुगा खोकणारी माणसं, सगळं. एकही मुद्दा जुना झालेला नव्हता, हे बोलताना लक्षात आलं. मग ती जागा आली, जिथे मी फाटकाकडे बोट करायचो. मी बोट केलं आणि म्हणालो, "आणि आत बसलेल्या लोकांनो…"

"तसं नव्हतं ते," तू खालून म्हणालास.

"काय नव्हतं?"

"लोकांनो नव्हतं. गद्दारांनो होतं."

"घसा दुखतोय माझा."

"एका शब्दाने जास्त दुखणार नाही. म्हण."

"अहो, नका," तुझी वहिनी म्हणाली.

"वहिनी, त्याला म्हणू दे. आम्ही कॉम्प्रेसर बंद करून ऐकलंय ते. गाळलेलं नको."

मी तुझ्याकडे बघून म्हणालो. अख्खं वाक्य, होतं तसं, शेवटच्या शिवीपर्यंत. आवाज मध्येच फाटला, तिथून पुन्हा धरला. तू खाली मान घालून ऐकत होतास, पूर्वी आत ऐकत असशील तसा. संपल्यावर मान हलवलीस. "हां. आता बरोबर."

मग म्हणालास, "पण मी आजही भट्टी विझू दिली नसती."

"माहितीये."

"मान्य आहे?"

"नाही."

"मलापण नाही," असं म्हणून तू चहा घ्यायला गेलास. रखवालदाराने तुला विचारलं, "हे कोण तुमचे?" तू म्हणालास, "मोठा भाऊ. असाच आहे." सभा बरखास्त.

मला वाटलं होतं, त्या वेळी काहीतरी वाटेल. वाटलं नाही. थंडी वाजत होती, तेवढी कळली.

पुढचं तुला माहीत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भुलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काका, काहीही बोलत राहा." बघ, पुन्हा काहीही. माझा आवाज आता संपणार, समोर झाकलेल्या तोंडांची पाच-सहा माणसं, आणि मला विषय सुचेना. कुणाकडे काही मागायचं नव्हतं. मग मी त्यांना शॉकमध्ये तेल कसं भरतात ते सांगायला लागलो. परवा तिथल्या सिस्टरना वहीत लिहून विचारलं, मी शेवटी काय म्हणालो? त्यांना आठवत होतं. म्हणाल्या, "घाई करायची नाही, बुडबुडा आपोआप वर येतो, असं म्हणालात. मग झोपलात."

ते वाचून, म्हणजे ऐकून, मला जे व्हायचं ते झालं. मानेला भोक असलं की रडताना आवाज होत नाही, पण नळीतून घरघर येते आणि सिस्टर धावत येतात. आल्या. मी वहीत लिहिलं, "काही नाही, हवा अडकली होती."

दादा


१० एप्रिल, गुरुवार

धाकट्या,

घरी आलो. नळी निघाली. चव अजून लागत नाही, पण तुझी वहिनी म्हणते, तिच्या स्वयंपाकाला ते बरंच आहे. ती हाक मारते तेव्हा मी ओट्यावर चमचा वाजवतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. काल म्हणाली, "पूर्वीही तुमचं दोनदाच जास्त असायचं."

बाहेरच्या खोलीत पुस्तकं रचून ट्रकसाठी चढ केला आहे. जाडी पुस्तकं खाली, पातळ वर. तिथे तो नीट चढतो. फाटकावर जायला अजून महिना लागेल, धूळ चालत नाही.

रविवारी तुझा फोन आला होता. तुझ्या वहिनीने माझ्या कानाला लावला. तू बराच वेळ बोललास. कार्यशाळेतली नवी पोरं, तुझ्या बायकोचा गुडघा, तार कुठे स्वस्त मिळते. मी उत्तर देऊ शकत नाही हे माहीत असल्यावर तू किती बोलतोस रे. आम्हाला आजवर पत्ता नव्हता. मी फोनवर नख वाजवत होतो. ऐकू आलं असेल तर ते हो होतं.

आता कामाचं. मागचा उजवा शॉक गळतो आहे. टोपणाखालून तेल येतं, ट्रक त्या बाजूला बसतो आणि तिसऱ्या पुस्तकावरून घसरतो. रबरी रिंग गेली असावी. मला इथून काही जमण्यासारखं नाही.

या वेळी पार्सल पाठवू नकोस. ये.

दादा

ता. क. रिंग ठीक आहे. टोपण मी सैल केलं आहे.